आठ नंबरचा प्लॅटफॉर्म

डोंबिवली (पूर्व)
रविवार, दुपार

चि. चिऊ,

काल रात्री साडेअकराला पाठवलेला तुझा स्क्रीनचा फोटो आज सकाळी चहा घेताना पाहिला. ताण काढायच्या सॉफ्टवेअरच्या ट्रीभर प्रश्नचिन्हं, आणि खाली तुझं वाक्य : ‘मामा, डिझाइनवाल्यांनी रेव्हिजन सी पाठवली आणि माझं सगळं गेलं.’ अगं, सगळं कुठं गेलंय? दाब आहे, आधार आहेत, बोल्टचा ताण आहे, मटेरियलही आहे. मॉडेलच्या कोणत्या फेसवर, म्हणजे पृष्ठभागावर, बसायचं एवढंच त्यांना कळेनासं झालंय. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण तू ऐकता ऐकता माउस चालवतेस, म्हणून लिहायला बसलो.

माटुंग्याच्या कॉलेजला असताना तू दादरला गाडी बदलायचीस. त्या दादरला मध्य रेल्वेनं ९ डिसेंबर २०२३ पासून आपले प्लॅटफॉर्म आठ ते चौदा केले. पश्चिम रेल्वेचे एक ते सात तसेच राहिले. त्याआधी मध्य रेल्वेचा एक नंबर रुंद करायला दोन नंबर बंद केला होता. त्यामुळे झालं काय, की जुना एक झाला आठ आणि जुना तीन झाला नऊ. म्हणजे एकात सात मिळवायचे, पण तिनात सहाच. मधला एक गळाला की पुढच्या सगळ्यांचा हिशेब बदलतो, सरसकट बेरीज चालत नाही. आता जुन्या सवयीचा माणूस ‘आठ नंबर’ धरून गेला तर? आठ नंबर तिथं आहे. पाटी आहे, इंडिकेटर आहे, गाडीही येते. फक्त तो त्याचा आठ नव्हे. त्याचा आता चौदा आहे. सहा नंबर शोधणारा निदान पश्चिमेच्या गाड्या बघून भांबावतो तरी. आठवाला निवांत उभा राहतो.

तुझ्या प्रेशर व्हेसलच्या मॉडेलमध्ये तेच झालंय. फेस, कडा, कोपरे यांना प्रोग्राम आतल्या आत नंबर देतो, साधारण ज्या क्रमानं ते तयार झाले त्या क्रमानं. डिझाइनवाल्यानं मध्ये कोपरा गोल करणारा एक फिलेट टाकला, एक भोक बुजवलं, एक फेस दोनात कापला, की पुढची मोजणी सरकली. बरं, त्यानं जुनं झाकण डिलीट करून तसंच नवं काढलं, तर डोळ्यांना ते तेच दिसतं आणि प्रोग्रामला मात्र परकं. या दुखण्यावर मोठमोठ्या लोकांनी वर्षं घातली आहेत. फ्रीकॅड हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर, त्यात ‘फेस६’वर काढलेलं स्केच बदलानंतर भलत्याच फेसवर जाऊन बसायचं. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली तेव्हा सगळ्यात जास्त बोलबाला याच दुरुस्तीचा होता, आणि तीही पूर्ण इलाज झाला म्हणून नव्हे, त्रास पुष्कळ कमी झाला म्हणून. तेव्हा रात्री साडेअकराला स्वतःला मूर्ख ठरवून घेऊ नकोस.

प्रश्नचिन्हांची मला काळजी नाही. ती प्रामाणिक आहेत, ‘मला जागा सापडत नाही’ असं तोंडावर सांगतात. ज्यांच्यापुढे हिरवी खूण आहे ती आधी तपास.

माझीच गोष्ट सांगतो, तुझ्या आईलाही ठाऊक नसेल. नोकरीच्या चौथ्या-पाचव्या वर्षी एका प्रेशर व्हेसलचं काम माझ्याकडे होतं. उभं भांडं, चार पायांवर, आत १० बार दाब, बाजूला २०० मिमी बोअरचं नोझल आणि त्याला झाकण. आतल्या सगळ्या फेसवर दाब लावला होता, एकूण २३ फेस. मग झाकणाची जाडी बदलली, मॉडेल नवं आलं, मी अपडेट मारलं. एकही प्रश्नचिन्ह नाही. रन लावून ८.१२ ची लोकल पकडली, दुसऱ्या दिवशी निकाल पाहिले तर झाकणावर ताण जवळजवळ शून्य. मी खूश! जाडी वाढवल्याचा फायदा म्हणून रिपोर्टात दोन ओळीही लिहून टाकल्या.

आमच्या साहेबांनी रंगीत चित्रांकडे पाहिलंच नाही. विचारलं, ‘पायांवर आडवी रिअ‍ॅक्शन किती?’ मी उघडून पाहिली : ३१.४ किलोन्यूटन. ते म्हणाले, ‘बंद भांड्यात आतला दाब सगळीकडे ढकलतो, त्याची बेरीज शून्य व्हायला हवी. हे तीन टन कोण ढकलतंय?’ मग त्यांनीच कागदावर गुणाकार केला. २०० मिमी व्यासाचं क्षेत्रफळ ३१,४१६ चौरस मिलिमीटर, १० बार म्हणजे चौरस मिलिमीटरला १ न्यूटन. बरोब्बर झाकणाचा आतला फेस. नवं झाकण आलं तेव्हा तो दाबाच्या यादीतून गळला होता. उरलेले २२ जागेवर असल्यामुळे प्रोग्रामनं चकार शब्द काढला नाही. रिपोर्ट अजून टेबलावरच होता म्हणून वाचलो. तेव्हापासून मी कुठल्याही बदललेल्या मॉडेलचं पहिलं चित्र ताणाचं उघडत नाही, रिअ‍ॅक्शनचा तक्ता उघडतो.

आता तुझ्या कामाचं. एकेका प्रश्नचिन्हावर टिचकी मारून अंदाजानं फेस निवडायला बसू नकोस. काल तू तेच सुरू केलं असणार. रेव्हिजन बीची फाइल जशीच्या तशी जपून ठेव, शेजारी उघड, आणि कागद घे. हो, कागदच. प्रत्येक लोड, आधार, कॉन्टॅक्ट आणि मेशचा कंट्रोल जुन्यात कशावर होता ते लिही : फेस किती, एकूण क्षेत्रफळ किती, मध्यबिंदू कुठं. पुढच्या रकान्यात रेव्हिजन सीमधलं उत्तर. गावच्या जमिनीचं काम चाललं होतं तेव्हा आजोबा एकत्रीकरणाचा ९(३) ९(४) चा उतारा मिळवायला खेपा घालत होते, आठवतं? जुना सर्व्हे नंबर कोणत्या नव्या गटात गेला, हे त्यात असतं. तसाच उतारा तुला तयार करायचाय. क्षेत्रफळ जुळलं नाही तिथं थांबायचं, कारण शोधायचं. आणि नव्यानं जन्मलेले फेस वेगळे शोध. नोझलच्या मुळाशी फिलेट टाकला असेल तर तो जुन्या कुठल्याच यादीत नव्हता. जे हरवलंच नाही त्याचं प्रश्नचिन्ह येणार कुठून? दाब मात्र त्याच्यावरही हवा.

मग हे पुन्हा होऊ नये म्हणून. लोड थेट फेसवर लावायचा नाही. आधी नेम्ड सिलेक्शन करायचं, ‘आतला_दाब’, ‘पायांचे_तळ’, आणि लोडनं त्याच्याकडे बोट दाखवायचं. म्हणजे पुढच्या वेळी चाळीस ठिकाणी नाही, पाच-सहा ठिकाणी दुरुस्ती. तू वापरतेस त्या अ‍ॅन्सिसमध्ये नेम्ड सिलेक्शन वर्कशीटनंही बनतं : झेडला सर्वांत खालचे फेस घे, त्यातून अमुक मापाचे गाळ. पायांच्या तळांना हे झकास. ते नंबर लक्षात ठेवत नाही, दर वेळी अटीवरून नव्यानं शोधतं. दादरला नंबर न विचारता ‘कल्याणकडे जाणारी धीमी कुठं लागते?’ असं विचारण्यातला प्रकार. पण भांड्याच्या आतल्या वाकड्यातिकड्या फेसांना अट सुचत नाही, तिथं हातानंच निवड आणि संख्या मोजून नावात लिही : ‘आतला_दाब_२३’. माझी ही सवय पाहून ऑफिसात पोरं हसायची. हसू देत.

अ‍ॅन्सिस सोडून अबॅकसवर गेलीस तर आणखी एक. त्याची रिप्ले फाइल मुळात निवडी मास्कच्या सांकेतिक अक्षरांत लिहिते. ती ना तुला वाचता येते, ना बदललेल्या मॉडेलवर भरवशानं चालते. जर्नलचा पर्याय कोऑर्डिनेटवर कर, मग ती ‘फाइंडअ‍ॅट’ आणि बिंदू लिहिते. मापं सरकली तर बिंदूही चुकतो म्हणा, पण निदान कुठं शोधत होती ते दिसतं.

राहिला डिझाइनवाला. त्याच्यावर चिडू नकोस, त्यालाही वरून कोणीतरी घाई केलेली असते. पण त्याच्याकडे दोन गोष्टी हक्कानं माग. एक, डिलीट करून नवं काढण्यापेक्षा आहे तेच फीचर एडिट कर. दोन, स्टेप फाइल नको, मूळ कॅडचीच दे. स्टेपमध्ये आकार येतो, तो कसा घडला तो इतिहास मागेच राहतो. चहाला नेऊन सांग. मेलवर लिहिलंस तर तो बचावाच्या पवित्र्यात जाईल.

मुदत बुधवारची आहे म्हणालीस. उतारा करायला अर्धा दिवस जाईल, तो जाऊ दे. आणि हे पत्र वाचून झालं की नव्या फाइलला हात लावायच्या आधी रेव्हिजन बी उघड आणि तिन्ही दिशांच्या रिअ‍ॅक्शन मला पाठव. मी इकडे कागदावर गुणाकार करून ठेवतो.

तुझा,
मामा