परसांतील झाडांचें वर्ष

आम्हांस कामानिमित्त पुष्कळ गांवीं जावें लागतें, व जेथें जातों तेथें घरामागचें परस पाहण्याची आम्हांस खोड आहे. त्यावरून एक गोष्ट आमच्या ध्यानांत आली, ती अशी कीं, मृगाचा पाऊस पडला म्हणजे ज्याच्या त्याच्या हातीं रोप दिसतें. शाळेंतून कोणी पेरू आणतो, कोणी बाजारांतून मोगरा व लिंबू आणतो, आणि दहा खड्ड्यांत दहा रोपें उभीं राहतात. परंतु पुढच्या चैत्रांत तींच मोजावीं तर दोन किंवा तीन भरतात. बाकीचीं कां गेलीं असें विचारलें म्हणजे कोणी जमिनीला दोष देतो, तर कोणी म्हणतो, "आमच्या हाताला गुण नाहीं." बहुधा ह्यांतील कोणतेंच कारण खरें नसतें. लावण्यापूर्वीं त्या घरांत पाण्याचा हिशेब झालेला नसतो, एवढेंच.

म्हणून ह्या पाठांत आम्ही प्रथम पाण्याविषयीं बोलतों, आणि मग फुलाफळांविषयीं. आमचें सांगणें घाटावरच्या कमी पावसाच्या प्रदेशास, म्हणजे अहिल्यानगर (पूर्वीचें अहमदनगर), सोलापूर, बीड, जालना ह्या बाजूस लागू आहे. कोंकणांतील वाचकांची अडचण निराळी आहे. त्यांस पाणी फार झाल्याची काळजी असते.

आमच्या मतें परसबागेचा पहिला प्रश्न "कोणतें झाड लावावें" हा नसून "वैशाखांत पाणी कोण आणणार" हा आहे. तें बहुतेक घरीं बाईच्याच डोक्यावरून येतें. सबब तिची संमति घेतल्यावांचून कोणत्याही पुरुषानें एकही झाड लावूं नये, असें आम्ही स्पष्ट म्हणतों. सन १९७२ चा दुष्काळ ज्यांनीं पाहिला त्या वृद्ध बायकांस ह्यांतील मर्म सांगावें लागत नाहीं.

एक पाणी मात्र प्रत्येक घरीं फुकट जात असतें, व तें न्हाणीचें. त्याच्या वाटेवर केळ, अळू व कर्दळ लावावी. तीं ह्या पाण्यावर उत्तम वाढतात. धुण्याच्या सोड्याचें पाणी मात्र त्यांत सोडूं नये. त्यानें जमीन चोपण होते व पानांच्या कडा करपतात. जीं झाडें न्हाणीपासून दूर आहेत त्यांच्या बुंध्यापासून हातभर अंतरावर, साधें मातीचें मडकें गळ्यापर्यंत पुरावें, व तें भरून वर झांकण ठेवावें. मडक्यांतून पाणी हळूहळू पाझरतें व मुळें तेवढेंच ओढून घेतात. भोंवतीं पालापाचोळ्याचा वीतभर थर असला म्हणजे ऊन जमिनीस लागत नाहीं.

आतां बहाराची गोष्ट सांगतों, कारण ह्या पाठाचा गाभा तोच आहे. बहार हा शब्द फारसी असून त्याचा अर्थ वसंत असा आहे. परंतु आपल्या माळी लोकांनीं एका वर्षांत तीन वसंत मानले आहेत. आंब्यास मोहोर येतो त्या सुमारास, म्हणजे माघ-फाल्गुनांत जो फुलोरा येतो तो आंबिया बहार. मृगाच्या पावसावर येतो तो मृग बहार. आणि हस्ताच्या सुमारास, आश्विनांत येतो तो हस्त बहार. पेरू, डाळिंब व लिंबू हीं झाडें तिन्ही वेळीं थोडींथोडीं फुलूं शकतात. मोकळें सोडलें तर तीं वर्षभर चार फुलें व चार फळें धरीत राहतात, आणि धड एकही बहार भरत नाहीं. म्हणून माळी त्यांतील एकच बहार निवडतो, व त्याच्या आधीं झाडाचें पाणी तोडतो. ह्यास "ताण देणें" म्हणतात. पाणी तुटलें म्हणजे झाडाची वाढ थांबते, आणि पानांनीं तयार केलेलें अन्न नव्या फुटीवर खर्च न होतां फांद्यांत सांठतें. पुढें पाणी मिळतांच त्या सांठ्याच्या बळावर नवी फूट व तिजबरोबर फुलें एकदम बाहेर पडतात. हलक्या जमिनींत हा ताण सुमारें महिनाभर पुरतो. काळ्या भारी जमिनींत दीड-दोन महिनेही लागतात.

हें आम्हांस पूर्वीं ठाऊक नव्हतें, व त्याचा दंड आमच्या घरच्या मंडळींस भरावा लागला. आमच्या परसांत पेरूचें एक चांगलें वाढलेलें झाड होतें. त्यावर आमची फार माया. म्हणून सबंध उन्हाळाभर त्यास रोज दोन घागरी पाणी घालण्याचा आम्हीं नेम केला. नेम आमचा, आणि घागरी मात्र घरांतून जात. विहीर अर्ध्या मैलावर. झाड फाल्गुनांत फुललें, श्रावणांत फळें पिकलीं, तीं मोठीं व दिसण्यांत सुरेख होतीं. परंतु कापावें तें प्रत्येक फळ आंतून पाणचट आणि अळ्यांनीं भरलेलें. असें तीन वर्षें झालें. तिसऱ्या वर्षीं एक म्हातारा माळी ओट्यावर बसला असतां त्याला आम्हीं तें फळ दाखविलें. त्यानें अळीकडे पाहिलेंसुद्धां नाहीं. तो म्हणाला, "साहेब, ह्या झाडाला तुम्ही झोंप कधीं देतां?"

त्याच्या सांगण्यावरून पुढल्या चैत्राच्या शेवटीं आम्हीं पाणी तोडलें. झाडावरचीं लहान फळें गळलीं, पानें पिंवळीं पडलीं, व अर्धीअधिक झडलीं. वैशाखांत तें झाड इतकें केविलवाणें दिसूं लागलें कीं एके रात्रीं आम्ही गुपचूप तांब्या घेऊन निघालों. तेव्हां घरांतूनच आमचा हात धरण्यांत आला! ज्यांनीं तीन वर्षें घागरी वाहिल्या त्यांना धीर होता, आणि ज्यानें नेम केला त्याला नव्हता. मृगापूर्वीं आठ दिवस आम्हीं आळें हलकें खणून शेणखत घातलें. पाऊस पडला, आषाढांत सारें झाड पांढऱ्या फुलांनीं भरलें, आणि मार्गशीर्षापासून पौषापर्यंत जीं फळें मिळालीं तशीं त्या झाडास पूर्वीं कधींच आलीं नव्हतीं. अळी क्वचित एखाद्यांत निघाली. घरांत मात्र त्या गोडीपेक्षां दोन महिन्यांच्या खेपा वांचल्या ह्याचेंच समाधान अधिक होतें.

अळी कां नव्हती, तें समजून घ्यावें. पेरूंतील अळी फळांतच आपोआप उत्पन्न होते असें पुष्कळांस वाटतें. तें चूक आहे. फळमाशी नांवाची एक पिंवळट-तांबूस माशी फळाची साल मऊ होऊं लागतांच तींत टोंचून अंडीं घालते. अळ्या गर खातात, फळ गळतें, मग त्या बाहेर पडून मातींत शिरतात व कोश करतात. त्यांतून पुन्हां माशा निघतात. पावसाळ्याच्या ऊबदार, दमट हवेंत हें चक्र भरभर फिरतें, व थंडींत तें मंदावतें. यास्तव हिंवाळ्यांत पिकणारा मृग बहार ह्या माशीच्या तडाख्यांतून बराच सुटतो. गळलेलें फळ झाडाखालीं कुजूं देणें म्हणजे पुढल्या माशांचें बीं पेरणें होय. तीं फळें रोज वेंचून दोन फूट खोल पुरावीं. दापोलीच्या कृषि विद्यापीठानें प्रसारांत आणलेला "रक्षक" सापळाही टांगतां येतो. परंतु तो नर माशांसच ओढतो, म्हणून सापळा टांगला व फळें वेंचलीं नाहींत तर काम अर्धेंच होतें.

ताणाविषयीं दोन इशारे. तीन वर्षांच्या आंतील किंवा रोगट झाडास ताण देऊं नये. तें झोंपेल तें उठणारच नाहीं. आणि ताण तोडतांना पाऊस नसेल तर पहिलें पाणी हलकें द्यावें व मग वाढवावें. एकदम भरपूर पाणी दिल्यानें फुलें गळतात. पेरूची जात विचाराल तर "सरदार" घ्यावी, तिलाच लखनौ-४९ म्हणतात. नांव लखनौचें असलें तरी ती पुण्याजवळ गणेशखिंडीच्या बागेंत १९२७ सालीं निवडलेली आहे.

लिंबाचें झाड ज्याच्या विहिरीस वैशाखांत पाणी असतें त्यानेंच लावावें. हस्त बहाराचीं लिंबें ऐन उन्हाळ्यांत येतात व मोलानें विकतात हें खरें, परंतु त्यासाठीं भाद्रपदांत ताण बसला पाहिजे, आणि भाद्रपदांत पाऊस आपल्या हुकमांत नसतो. घरच्या झाडावर जें येईल तें घ्यावें. पानांवर व फळांवर खरबरीत तपकिरी खवले दिसले तर तो खैऱ्या रोग. तशा फांद्या पावसाळ्यापूर्वीं कापून जाळाव्या.

ज्याच्याजवळ पाणी मुळींच नाहीं त्यानें सीताफळ लावावें. माळावरच्या मुरमांत तें पावसावरच जगतें, उन्हाळ्यांत पानें टाकून उभें राहतें व आश्विन-कार्तिकांत फळ देतें. ह्या झाडाविषयीं लोकांची एक तक्रार असते कीं फुलें पुष्कळ येतात व फळें थोडीं धरतात, आणि जीं धरतात तींही एका बाजूस खचलेलीं असतात. ह्याचें कारण फुलाच्या रचनेंत आहे. सीताफळाच्या फुलांत स्त्रीकेसर आधीं तयार होतात व त्याच फुलाचा पराग मागाहून सुटतो. म्हणजे फूल स्वतःच्या उपयोगीं पडत नाहीं. बारीक भुंगेरे पराग नेतील तेवढाच. शिवाय सीताफळाचा प्रत्येक डोळा हा निराळ्या स्त्रीकेसराचा भाग आहे. ज्यांस पराग पोंचला नाहीं ते भरत नाहींत, आणि फळ वांकडें होतें. पूर्ण उघडलेल्या जुन्या फुलांतील पराग मऊ कुंचल्यानें काढून, नुकत्याच उमलूं लागलेल्या फुलांत सकाळीं हलकेंच फिरविला तर फळें भरदार येतात. मुलांना हें काम फार आवडतें. मात्र सीताफळाच्या बियांची पूड उवांसाठीं केंसांस लावूं देऊं नये. ती डोळ्यांत गेल्यानें डोळ्यांस गंभीर इजा झाल्याचीं उदाहरणें आहेत.

सीताफळ, पेरू, पपई, इतकेंच नव्हे तर दसऱ्याचा झेंडू व सायंकाळची गुलबक्षी हीं सर्व मूळचीं अमेरिका खंडांतलीं आहेत. गांवांत कोणास परका म्हणावयाचें असेल तर आपल्या परसाकडे एकदां पाहून मग म्हणावें.

पपई दहा-अकरा महिन्यांत फळ देते, परंतु तिच्या बुंध्याशीं पाणी सांचलें कीं ती कुजते. म्हणून ती उंचवट्यावर लावावी. तिजविषयीं इतकेंच पुरे.

फुलांचेंही असेंच ऋतुमान आहे. मोगऱ्यास मार्गशीर्षांत पाणी कमी करून पौषांत त्याची छाटणी करावी, म्हणजे चैत्रापासून तो भरभरून फुलतो. जी माणसें मायेनें त्याची फांदी कापीत नाहींत त्यांस पानेंच मिळतात. जाई-जुई पावसाळ्यांतल्या. झेंडू दसऱ्यास हवा असेल तर बीं आषाढांत टाकावें. त्याच्या मुळांमुळें जमिनींतील सूत्रकृमीही कमी होतात, म्हणून वांग्यांच्या वाफ्याच्या कडेस तो अवश्य असावा. गुलाबाची छाटणी पाऊस संपल्यावर करावी. छाटणीपासून फूल येण्यास सुमारें दीड महिना लागतो. तेव्हां ज्या मंडळीस नाताळाच्या उपासनेस घरचे गुलाब पाहिजेत तिनें नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यांत, बाहेरच्या बाजूस वळलेल्या डोळ्याच्या किंचित् वर, तिरपा काप घ्यावा.

शेवंतीची एक गमतीची हकीकत आहे. एका शाळेच्या आवारांत शेवंतीचे दोन वाफे होते, एक दारापुढें व एक मागील भिंतीआड. कार्तिकांत मागचा वाफा पिंवळाजर्द फुलला आणि पुढचा नुसता हिरवा राहिला. खत एकच, पाणी एकच. मास्तरांना वाटलें कीं कोणी कळ्या खुडतो, व दोन मुलांस उगाच बोल बसला. आम्हीं तेथें रात्र काढली तेव्हां उलगडा झाला: पुढच्या वाफ्यावर विजेच्या खांबाचा दिवा रात्रभर जळत होता. शेवंती ही रात्रीची लांबी ओळखणारी वनस्पति आहे. रात्र पुरेशी मोठी होईपर्यंत ती कळी धरीत नाहीं, आणि मध्यें उजेड पडला तर तिच्या लेखीं रात्र लहानच राहते. वनस्पतींतील हा गुण गार्नर व अॅलर्ड ह्या दोघां अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९२० सालीं प्रसिद्ध केला. मास्तरांनीं त्या मुलांजवळ आपली चूक कबूल केली व वाफा हलविला.

शेवटीं, ज्यांची दर दोन-तीन वर्षांनीं बदली होते अशा बंधूंचा प्रश्न. ते म्हणतात, "आम्हीं लावावें आणि फळ दुसऱ्यानें खावें." त्यांस आमचें उत्तर असें कीं, झाड राहूं द्या, गुटी घेऊन जा. पावसाळ्यांत पेरूच्या पेन्सिलीएवढ्या जाड फांदीची इंचभर साल गोल काढावी, त्यावर ओलें शेवाळ लावून प्लास्टिकचा कागद घट्ट बांधावा. दीड-दोन महिन्यांत मुळें कागदांतून दिसूं लागतात. मग ती फांदी खालून कापून कुंडींत लावावी. पावसाळा सरल्यावर बांधलेली गुटी बहुधा वाळते. आमच्या त्या पेरूच्या तीन गुट्या तीन गांवीं गेल्या आहेत. त्यांपैकीं एकीस गेल्या पौषांत पहिलीं चार फळें लागलीं असें त्या घरच्या बाईंचें पत्र आलें, व आतां तिला ताण द्यावा काय असें त्यांनीं विचारलें आहे. अजून दोन वर्षें देऊं नका, तोंवर मडकें भरीत जा, असें आम्हीं त्यांस कळविलें आहे.