रंग शेवटी : गेवराईतले जुने घर विक्रीसाठी तयार करताना

विक्रीला काढलेल्या घराची तयारी बहुतेक ठिकाणी रंगापासून सुरू होते, आणि जुन्या गेवराईतल्या घराच्या बाबतीत ती तिथेच चुकते. इथे घर पाहायला आलेला माणूस आधी वर माळवदाकडे पाहतो, मग पाण्याचे विचारतो आणि बोलणे जुळत आले की कागद मागतो. भिंतीचा रंग त्याच्या हिशेबात फार उशिरा येतो. हे टिपण ज्या घरावरून लिहिले आहे ते लिहिणाऱ्याचेच : जुन्या वस्तीतले सहा खणांचे माळवद, मागे पत्र्याच्या दोन खोल्या, अंगणात बोअर. त्यात रंग आधी लावला गेला आणि कागद शेवटी काढले गेले. चार-सहा महिन्यांचे काम दीड वर्ष चालले.

घर कोणत्या जमिनीवर आहे यावर गिऱ्हाईक ठरते. पांढरीवर, म्हणजे जुन्या गावठाणात, माळवदे आणि दगडमातीच्या भिंती आहेत. काळ्या रानात प्लॉट पडले तिथे स्लॅबची घरे उभी राहिली. स्लॅबच्या घराला शिक्षक किंवा इतर नोकरदार गिऱ्हाईक मिळते आणि ते कर्ज काढून येते. माळवदावर कर्ज द्यायला बँका का-कू करतात, म्हणून तिथे स्वतःजवळ पैसा असलेला माणूस लागतो : आडत्या, दुकानदार, मुकादम, नाहीतर शेजारी. शेजाऱ्याला सर्वांत आधी विचारावे. भिंत सामाईक असेल तर त्या जागेची खरी किंमत त्यालाच असते, आणि डावलला गेला तर भिंतीचा वादही तोच काढतो. या घराच्या वेळी त्याला विचारायचे राहिले. आठवण झाली तोवर त्याने दुसरीकडे प्लॉट घेतला होता.

माळवद म्हणजे तुळया, त्यांवर आडवी लाकडे, त्यांवर काड्या-पाल्याचा थर आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर. दर उन्हाळ्यात, मृग लागण्याआधी, नवी माती टाकून चोपावी लागते, गवत उपटावे लागते, पन्हाळे मोकळे करावे लागतात. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि त्यांवरची जड छते कोसळून हजारो माणसे गेली. त्या पिढीतले गिऱ्हाईक अजूनही आढ्याकडे पाहूनच खाली बसते. गळती थांबवायला मातीवर सिमेंटचा कोबा ओतणे हा सर्वांत वाईट उपाय होय. वजन वाढते, कोब्याला तडे जातात, आत शिरलेले पाणी अडकते आणि तुळया कुजतात. तुळया हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहाव्यात. निरोगी लाकूड टणक वाजते, वाळवीने पोखरलेले भद्द वाजते. मालकाने हे आधी करून घ्यावे, कारण गिऱ्हाईकाबरोबर आलेला मिस्त्री ते करणारच.

भिंतीच्या बुडाला येणारा लोणा हा या घराचा खरा शत्रू निघाला. जमिनीतली ओल भिंतीत वर चढते, बरोबर क्षार आणते. पृष्ठभागावर पाणी उडून जाते, क्षार तिथेच राहतात आणि फुगून गिलावा पाडतात. चैत्रात भिंत कोरडी ठणठणीत दिसत होती, म्हणून तिच्यावर सरळ प्लास्टिक पेंट मारला गेला. आषाढात न्हाणीच्या मागच्या भिंतीला गुडघाभर उंचीवर फोड आले. एका गिऱ्हाईकाने त्यांतला एक नखाने फोडला, आतले पांढरे पीठ बोटावर घेतले, जिभेला लावले आणि काही न बोलता पायात चपला घातल्या. जुनी भिंत दिसली असती तर त्याने भाव पाडला असता. झाकलेली दिसल्यावर आणखी काय काय झाकले असेल, या विचाराने तो गेला.

लोण्याचा बंदोबस्त रंगाने होत नाही. न्हाणीचे, पन्हाळ्याचे, गटाराचे पाणी भिंतीपासून आधी तोडावे. ओल दिसते त्याच्या हातभर वरपर्यंतचा गिलावा खरवडून भिंत एक उन्हाळा उघडी ठेवावी, अधूनमधून कोरड्या कुंच्याने क्षार झाडावेत आणि मग चुन्याचा गिलावा द्यावा. सिमेंटचा दिला तर ओल आत कोंडते आणि आणखी वर जाऊन बाहेर पडते. एवढा वेळ नसेल तर भिंत उघडीच दाखवावी आणि दुरुस्तीचा खर्च बोलीत धरावा. काळ्या रानातल्या घरांना लोण्यापेक्षा तड्यांचा त्रास असतो, कारण काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली चीर लांबीने बुजवू नये. तिच्यावर काचेची पट्टी दोन्ही बाजूंना चिकटवून शेजारी पेन्सिलीने तारीख लिहावी. वर्षभर काच फुटली नाही, तर ती पट्टीच गिऱ्हाईकाला दाखवता येते.

विक्रीसाठी घर सजवण्याचा वेगळा व्यवसाय अमेरिकेत आहे. त्याचे श्रेय बार्ब श्वार्ट्झ या बाईंना आणि 1972 या सालाला दिले जाते. तिथे रिकाम्या घरात भाड्याचे सोफे आणून ठेवतात. गेवराईतल्या घराची गरज नेमकी उलटी असते. कणग्या, मोडक्या खाटा, गोधड्यांचे गठ्ठे, बंद पडलेला कूलर, कोणाच्या तरी लग्नातली ट्रंक हे सगळे आधी हलवावे, म्हणजे सहा खण सहा खणांएवढे दिसतात. ओसरी मोकळी ठेवावी, सवण्यावरचा पत्रा काढून आत उजेड येऊ द्यावा, जनावरे बांधलेली जागा धुवावी. नुकत्याच वारलेल्या माणसाचा हार घातलेला फोटो समोरच्या भिंतीवर ठेवू नये. येणारा त्यावरून नको ते विचारतो. देवघर मात्र रिकामे करू नये. दिवा न लागलेले घर पाहणाऱ्याला मोडलेले वाटते. ही समजूत पटो न पटो, ती भावात उतरते.

पाण्याची परीक्षा उन्हाळ्यातच होते. श्रावणात भरलेला हौद दाखवण्याला अर्थ नसतो; बीड जिल्ह्यातले गिऱ्हाईक दुष्काळ पाहिलेले असते आणि मे महिन्यात बोअर किती वेळ चालतो, हाच प्रश्न विचारते. बोअर किती फुटांचा, कोणत्या साली घेतला, टँकर कधी लागला, हे खरे सांगावे आणि मोटर गिऱ्हाईकालाच चालू करू द्यावी. हंगामही याच बेताने धरावा. दसरा-दिवाळीला ऊसतोडीच्या टोळ्या निघून जातात, कापसाचा पैसा दिवाळीनंतर हातात येतो, टोळ्या पाडव्याच्या आसपास परततात. म्हणून मार्गशीर्षापासून अक्षय्य तृतीयेपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. पितृपक्षात आणि धोंड्यात कोणी इसार देत नाही. 2026 मध्ये 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ असल्याने त्या वर्षीचा हंगाम अक्षय्य तृतीयेनंतर लगेच आटोपतो.

कागद सर्वांत आधी काढायला हवे होते. नगरपरिषदेचा कर आकारणीचा उतारा आजोबांच्या नावावर होता आणि घरात सगळे त्यालाच मालकीचा पुरावा समजत होते. कर कोण भरतो एवढेच तो सांगतो. मालकी दस्तावरून आणि, सिटी सर्व्हे झालेला असेल तिथे, मालमत्ता पत्रकावरून पाहतात. मूळ खरेदीखत निजामाच्या काळातले, उर्दूत, 1352 फसलीचे, म्हणजे 1942-43 च्या सुमाराचे निघाले. त्याचे भाषांतर करून घेण्यात एक महिना गेला. चतुःसीमेत ज्यांची नावे होती त्यांतले एकही घर आता त्या नावाने राहिलेले नव्हते, म्हणून मोजणी करून आजच्या शेजाऱ्यांशी ती जुळवावी लागली.

वारसांचा प्रश्न याहून मोठा ठरला. 9 सप्टेंबर 2005 पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मानेच मुलाइतका हक्क आहे, आणि वडील त्या तारखेआधी वारले असले तरी तो असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 च्या निकालात स्पष्ट केले. ‘बहिणी काही म्हणणार नाहीत’ हे वाक्य खरे असले तरी दस्तात चालत नाही. बहिणींनी एकतर खरेदीखतावर सही करावी किंवा आधी नोंदणीकृत हक्कसोडपत्र द्यावे. एक बहीण सुरतेला होती, तिला दिवाळीआधी येणे जमेना, आणि इसार घेऊन तयार असलेले पहिले गिऱ्हाईक दोन महिने वाट पाहून निघून गेले. शेतजमिनीतल्या प्लॉटवर घर असेल तर अकृषिक परवानगी किंवा गुंठेवारीचे नियमितीकरण पाहावे. 2001 चा गुंठेवारी कायदा 2021 च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांना लागू झाला आहे. वकिलाकडून 30 वर्षांचा शोध आणि वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस ही दोन्ही कामे विकणाऱ्याने स्वतःच्या खर्चाने आधी करून ठेवली, तर गिऱ्हाईकाला थंड व्हायला वेळ मिळत नाही.

इसारपावतीत रक्कम, मुदत आणि मुदत टळल्यास काय, हे तिन्ही लिहावे. 20,000 रुपये किंवा त्याहून जास्त रोखीने घेऊ नयेत. स्थावराच्या व्यवहाराला 1 जून 2015 पासून ही मनाई आहे आणि दंड घेतलेल्या रकमेइतकाच असतो. किंमत रेडी रेकनरपेक्षा कमी ठरली तरी मुद्रांक शुल्क त्याच दराने भरावे लागते. बाईच्या नावाने घर घेतल्यास त्यात 1 टक्क्याची सवलत मिळते, आणि हे गिऱ्हाईकाला सांगितल्याने घासाघीस थोडी सैल होते. शेवटचा पैसा दुय्यम निबंधकांपुढे सही करण्याआधी खात्यात जमा झालेला असावा.

ताबा देताना वीज मीटरच्या आकड्याचा फोटो, कराची शेवटची पावती आणि किल्ल्या एकाच वेळी, ताबापावतीवर लिहून द्याव्यात. घरात काय राहणार आणि काय जाणार, याची यादी इसारपावतीतच असावी : पंखे, टाकी, लोखंडी जिना, कडीपाट, बोअरमधली मोटर. या घराच्या पावतीत मोटर लिहायची राहिली होती. ताब्याच्या दिवशी तिच्यावरून तासभर बोलाचाली झाली. ती शेवटी बोअरमध्येच राहिली आणि तिचे पैसे दुसऱ्या दिवशी वेगळ्या चेकने आले.