आई-वडिलांच्या चालीने महाराष्ट्र

शिरूर तालुक्यातल्या वडगाव रासाईहून एका वाचकाने विचारलं आहे : ‘ऊस तुटून गेला की जानेवारीत आई-वडिलांना घेऊन निवांत महाराष्ट्र फिरायचा विचार आहे. राहण्या-झोपण्याची, स्वयंपाकाची, संडासाची सोय असलेली गाडी, म्हणजे कॅरॅव्हॅन, भाड्याने घेणार आहोत. वडील ७२ वर्षांचे, त्यांना बीपी आणि प्रोस्टेटचा त्रास. आई ६८ वर्षांची, तिला शुगर आणि गुडघेदुखी. एवढा प्रवास त्यांना झेपेल का?’

झेपेल. जरूर न्या. आपल्या भीमाकाठच्या पट्ट्यातल्या किती आई-वडिलांनी अष्टविनायक, तुळजापूर आणि पंढरपूर यापलीकडचा महाराष्ट्र पाहिलाय? शेतीला सुट्टी नसते, जनावरांना तर नसतेच. मुलगा स्वतःहून घेऊन निघतोय, तर माझ्यासारख्या डॉक्टरने त्यात खोडा घालू नये. मात्र तुमच्या प्रश्नात ‘निवांत’ हा शब्द आहे, तो शेवटपर्यंत पाळा. अशा सहलीत म्हातारी माणसं आजारी पडतात ती बहुतेक वेळा घाईमुळे. रोज एक ठिकाण ‘उरकायचं’ म्हणून पहाटे उठवायचं, दिवसभर बसवायचं आणि रात्री उशिरा जेवायला घालायचं, असं चालू झालं की चौथ्या दिवशी पाय सुजतात, शुगर चढते, चिडचिड होते.

चाकांवरचं घर आपल्याला नवं नाही. तुकाराम महाराजांची पालखी दौंड तालुक्यातून, यवत-वरवंडच्या मुक्कामाने जाते. तिच्यासोबतच्या दिंड्यांचे ट्रक तुम्ही पाहिले असतील. शिधा, गॅस, तंबू, अंथरूण-पांघरूण सगळं त्यात असतं, मागे पाण्याचा टँकर. सत्तरी ओलांडलेली माणसं पंढरपूरपर्यंत चालत जातात, कारण दुपारचा विसावा आणि रात्रीचा मुक्काम आधी ठरलेला असतो आणि अंतर त्या बेतानेच कापलं जातं. तुमचा नकाशाही तसाच आखा. आधी मुक्काम ठरवा, किलोमीटर मागून येतील. माझा हिशोब सांगतो : दिवसाला दीडशे किलोमीटरच्या आत, गाडीत बसणं एकूण चार तासांहून जास्त नाही, आणि प्रत्येक ठिकाणी किमान दोन रात्री. दर चौथा दिवस गाडी जागची हलवायची नाही.

या हिशोबाने एक गोष्ट लगेच लक्षात येईल. सावंतवाडीपासून गोंदियापर्यंतचा रस्ता हजार किलोमीटरहून जास्त आहे. विदर्भ आणि कोकण एकाच फेरीत बसवू नका. यंदा न्हावरा, शिरूर, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर, वेरूळ, लोणार, नागपूर, ताडोबा असं जा आणि परत या. कोकण पुढच्या वर्षी. राज्य सरकारचं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण २०२१ मध्ये आलं, तरी अशी गाडी सुरक्षित उभी करता येईल अशा जागा सगळीकडे सापडतील असं धरून चालू नका. मुक्कामाची जागा आधी फोन करून पक्की करा. अंधार पडल्यावर म्हाताऱ्या माणसांना घेऊन जागा शोधत फिरण्याइतकं थकवणारं दुसरं काही नाही.

निघायचं कधी? डिसेंबरअखेर ते मकर संक्रांत हे कडाक्याच्या थंडीचे दिवस. नागपूर-गोंदियाकडे पहाटेचा पारा दहाच्या खाली जातो. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, बीपी वाढतं आणि हार्ट अटॅकचं प्रमाणही पहाटे-सकाळी जास्त असतं. म्हणून तिळगूळ घरी वाटून निघा आणि फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत परत या. त्यानंतर विदर्भात ऊन तापायला लागतं. सकाळी ऊन अंगावर आल्याशिवाय वडिलांनी गाडीबाहेर फिरायला जायचं नाही. बाहेर पडताना कानटोपी, मोजे आणि स्वेटर हवेतच.

गाडीचे पैसे देण्याआधी आईला बरोबर घेऊन जा आणि गाडीची पायरी बघा. या गाड्या जमिनीपासून उंच असतात. गुडघे दुखणाऱ्या बाईला नऊवारीचा किंवा साडीचा घोळ एका हाताने सावरत, दुसऱ्या हाताने दांडा धरून चढायचं असतं. दांडा कुठे आहे, हाताला येतो का, पायरीवर पूर्ण पाऊल मावतं का, हे तिला पाच-सहा वेळा चढ-उतार करायला लावून बघा. उतरताना दुखणारा पाय आधी खाली टाकायचा, चढताना बरा पाय आधी वर. एक भक्कम, न घसरणारा पाट सोबत ठेवा. रात्री पायरीजवळ आणि संडासाच्या वाटेवर बारीक दिवा चालू असू द्या. या वयात खुब्याचं हाड मोडणं हे हार्ट अटॅकइतकंच गंभीर समजा. पडण्याची वेळ बहुतेकदा रात्री लघवीला उठल्यावर येते आणि प्रोस्टेटमुळे वडील दोन-तीनदा तरी उठणारच.

गाडीतला संडास हे मला या प्रवासाचं सगळ्यात मोठं सुख वाटतं. नेहमीच्या प्रवासात आपल्या बायका ‘जागा मिळणार नाही’ म्हणून सकाळपासून पाणी पीत नाहीत आणि लघवी दाबून ठेवतात. घरी आल्यावर जळजळ, थंडी-ताप. शुगर असलेल्या बाईला हा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत जाऊ शकतो. आता सोय आहे, तर आईला मोकळेपणाने सांगा, ‘पाणी पी, लागली की जा.’ वडिलांना मात्र एक ताकीद. सर्दी झाली म्हणून दुकानातून कुठलीही ‘सर्दीची गोळी’ आणून घ्यायची नाही. त्यातल्या काही औषधांनी प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी अचानक पूर्ण अडते, आणि बीपीही वाढतं. नाक चोंदलं तर वाफ घ्या, मिठाच्या पाण्याचे थेंब सोडा.

आता ज्याची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ते. रात्री थंडी वाजते म्हणून घमेल्यात निखारे घेऊन किंवा कोळशाची शेगडी पेटवून बंद गाडीत झोपू नका. कधीच नाही, पाच मिनिटंही नाही. कोळसा अर्धवट जळताना कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, मळमळतं, गुंगी येते आणि झोपलेला माणूस झोपेतच जातो. बंद बाथरूममध्ये गॅस गिझरने झालेल्या मृत्यूंच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील, त्यामागचं कारण हेच. उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवून झोपणं किंवा जनरेटर खिडकीशी लावणं हेही तितकंच घातक. थंडीला उपाय म्हणजे जाड गोधड्या, मोजे आणि लोकरी टोपी. दोन्ही बाजूंच्या खिडक्या दोन-दोन बोटं उघड्या ठेवा. गरम पाण्याची पिशवी वापरत असाल तर आईच्या पायाशी ठेवू नका. शुगरमुळे तळपायाची जाणीव कमी झालेली असते आणि भाजलेलं कळत नाही. सकाळ होते तेव्हा फोड आलेला असतो आणि तो भरायला महिने लागतात.

स्वयंपाक शक्यतो गाडीबाहेर, आडोशाला करा. आत करायचाच तर दार उघडं ठेवा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळाला तर खाली तळाशी साठतो. वास आला की दिव्याच्या बटणाला हात लावू नका. रेग्युलेटर बंद करा, सगळ्यांना बाहेर काढा, दारं-खिडक्या उघडा. गाडी चालू असताना कोणीही चहा ठेवायचा नाही आणि मागच्या पलंगावर आडवंही व्हायचं नाही. तो पलंग बघून म्हाताऱ्या माणसांना मोह होतो, पण ब्रेक लागला की झोपलेलं माणूस फेकलं जातं. चालत्या गाडीत सगळे सीटवर, पट्टा लावूनच.

वडील आयुष्यभर बांधावर चाललेले. अशा माणसाला दिवसचे दिवस बसवलं की पोटऱ्यांतलं रक्त साचतं, पाय सुजतात, क्वचित गुठळीही होते. दर दीड-दोन तासांनी गाडी थांबवून दहा मिनिटं चालवा. बसल्या जागी टाचा-चवडे वर-खाली करायला सांगा. एकच पाय सुजला, पोटरी दुखायला लागली किंवा अचानक धाप लागली तर ते अंगदुखीवर ढकलू नका, तसंच दवाखान्यात जा. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी असेल तर प्रवास आहे म्हणून ती परस्पर बंद करू नका, तिची वेळ बदलता येईल का ते निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारा.

आईची शुगर, बीपी, पाय आणि डोळे निघण्याच्या महिनाभर आधी तपासून घ्या. फ्लू आणि न्यूमोनियाची लसही तेव्हाच. औषधं ठरल्या दिवसांपेक्षा दोन आठवडे जास्तीची घ्या. इन्सुलिन चालू असेल तर न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. वापरातली बाटली बहुतेक प्रकारांत चार आठवडे सावलीत, तीस अंशांच्या आत टिकते. डॅशबोर्डवर ती कधी ठेवू नका, हिवाळ्यातही उन्हात उभ्या गाडीची काच चांगलीच तापते. जेवणाची वेळ चुकली आणि घाम, थरथर, गोंधळ सुरू झाला तर तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी शुगर तपासा, मग जेवायला द्या. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका. शुगरवाला माणूस स्वतः गाडी चालवणार असेल तर सुरू करण्याआधी बोट टोचून बघायचंच.

वाटेत हुरड्याचा हंगाम असेल. खाऊ द्या, पण हुरडाही पिष्टमयच आहे. तेवढी भाकरी कमी करा आणि सोबतचा गूळ टाळा. गाडीच्या टाकीतलं पाणी फक्त हात-पाय आणि भांडी धुवायला. पिण्याचं पाणी उकळलेलं किंवा खात्रीचं, वेगळ्या जारमध्ये.

गाडी कोण चालवणार? एकच जण असेल तर मी नको म्हणेन. सूर्य उगवल्यानंतर निघा आणि मावळायच्या आत थांबा. या दिवसांत कारखाने चालू असतात. आपल्याच रस्त्यावर उसाने भरलेल्या, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरच्या मागे रिफ्लेक्टर नसतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. धुकं पडलं की ती ट्रॉली दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. समृद्धी महामार्गाचं उलटं आहे. २०२५ च्या जूनपासून तो ७०१ किलोमीटर पूर्ण खुला झाला, पण सरळ मोकळ्या रस्त्यावर डोळे उघडे असूनही मेंदू पेंगतो, खासकरून दुपारच्या जेवणानंतर. तासाभराने चालक बदला. जांभया सुरू झाल्या तर सुरक्षित ठिकाणी थांबून वीस मिनिटं झोपा. खिडकी उघडून आणि गाणी लावून झोप जात नाही.

बिबट्याचं तुम्हाला शिरूरकरांना नव्याने सांगायला नको. ताडोबा-मेळघाटच्या बाजूला मुक्काम असेल तर तीच सवय पाळा : अंधारात, पहाटे एकट्याने बाहेर जायचं नाही, ओणवं बसायचं नाही. विदर्भात गवतावर थेट बसू-लोळू नका. तिथे २०१८ मध्ये स्क्रब टायफसची मोठी साथ आली होती, गवतातले बारीक किडे चावून तो होतो. चावल्याच्या जागी बऱ्याचदा सिगारेटने भाजल्यासारखा काळा डाग पडतो. पुढच्या वर्षी सिंधुदुर्गात, विशेषतः दोडामार्गच्या बाजूला जाल तेव्हा माकडतापाची काळजी घ्या. तो गोचिडींतून येतो आणि त्याचा हंगाम डिसेंबर ते मे आहे. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, आरोग्य केंद्राला कळवा.

प्रत्येक मुक्कामाला पोचल्यावर, चहा घेण्याआधी, जवळचं मोठं रुग्णालय कुठे आहे ते विचारून ठेवा. ताडोबाला चंद्रपूर, चिखलदऱ्याला परतवाडा किंवा अमरावती. जंगलात आणि घाटात मोबाइलला रेंज नसते, म्हणून कागदावर लिहून ठेवा. त्याच कागदावर आई-वडिलांचे आजार, चालू गोळ्यांची मूळ नावं, कशाची ॲलर्जी आहे ते. सत्तरीपुढच्यांसाठी आयुष्मान कार्ड निघतं, वडिलांचं काढलं नसेल तर आधी काढा. छातीत दाब, घाम, बोलताना जीभ अडखळणं, तोंड वाकडं होणं, एका हाताची ताकद जाणं यातलं काही झालं तर वाट बघू नका, १०८ फिरवा.

घरी परतल्यावर तीन आठवड्यांच्या आत कोणालाही ताप आला तर घरच्या गोळ्यांवर अंगावर काढू नका. डॉक्टरांकडे गेलात की आधी सांगा, कोणकोणत्या जिल्ह्यांत फिरलात आणि जंगलात, गवतात मुक्काम केला होता का. गावाकडच्या डॉक्टरला ते आपोआप सुचणार नाही, आणि स्क्रब टायफस वेळेत ओळखला तर साध्या गोळ्यांनी बरा होतो.