एकच शाळा, अनेक पालक

गावातील जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा कशी आहे, हा प्रश्न चार पालकांना विचारला तर बहुधा चार उत्तरे मिळतात. गुरुजी जीव तोडून शिकवतात, असे एक जण सांगतो. मुलगी चौथीत गेली तरी जोडाक्षरापाशी अडते, अशी दुसऱ्याची तक्रार असते. तिसऱ्याने मुलाला तालुक्याच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घातलेले असते. चौथ्यापाशी सांगण्यासारखे फारसे काही नसते, कारण वर्षातील पाच-सहा महिने तो गावातच नसतो. भेटीस आलेला अधिकारी पहिल्या दोघांचे ऐकून 'पालकांत मतभेद आहेत' असा शेरा लिहितो आणि पुढच्या गावास जातो. वास्तविक चौघेही खरेच बोलत असतात. शाळेची इमारत एक असली, तरी प्रत्येकाच्या वाट्यास आलेली शाळा निराळी असते.

द्विशिक्षकी शाळेचेच उदाहरण घेऊ. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीचा पट ६० पर्यंत असल्यास दोन शिक्षक मिळतात. म्हणजे एका शिक्षकाकडे एकाच वेळी दोन किंवा तीन इयत्ता. पहिलीला अक्षरे गिरवावयास देऊन तो तिसरीच्या भागाकाराकडे वळतो. ज्या मुलाच्या घरी शिकलेले मोठे भावंड आहे, त्याला गुरुजींनी दिलेली पंधरा मिनिटे पुरतात. उरलेले घरी भरून निघते. ज्याच्या घरात अक्षरओळख कोणासच नाही, किंवा मेळघाटात कोरकू आणि नंदुरबारकडे पावरी हीच ज्याची घरची बोली आहे, त्या मुलाची तीच पंधरा मिनिटे शब्दाचा अर्थ उमगण्यातच सरतात. शिक्षक तोच, तास तोच. तरी एका पालकास समाधान व दुसऱ्यास निराशा का, याचे उत्तर येथे सापडते.

तिसऱ्या पालकास दोष देऊन भागणार नाही. एका खोलीत तीन वर्ग बसलेले पाहूनच त्याने निर्णय घेतलेला असतो. परंतु अशी मुले गेली की पट घटतो, संचमान्यतेत शिक्षकाचे पद कमी होऊ शकते, आणि मागे राहिलेल्यांची शाळा आणखी अवघड होते. एकाचा अनुभव दुसऱ्याचा अनुभव असा घडवीत असतो.

फडातले मूल

सर्वांत कमी ऐकला जातो तो चौथा पालक. बीड, अहिल्यानगर या जिल्ह्यांतील अनेक गावांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोची जोडी मिळून एक 'कोयता' धरला जातो. मागे सांभाळणारे कोणी नसेल तर मूलही बरोबर जाते. फडाशेजारच्या कोपीत थोरली मुलगी धाकट्याला सांभाळते, पाणी भरते. कारखान्याचा पट्टा पडून कुटुंब परतते, तोवर वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली असते. प्राथमिक वर्गांसाठी कायद्याने वर्षाचे २०० दिवस अध्यापन सांगितले आहे. त्यांतील निम्म्याहून अधिक या मुलीच्या हाती लागत नाहीत. हजेरीपटावर मात्र तिचे नाव असते, आणि पुढच्या वर्षी ती पुढच्या वर्गातही दिसते.

यावर उपाय योजले गेले नाहीत असे नाही. मुले गावातच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहाची सोय आहे. स्थलांतरित मुलास दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावे यासाठी शिक्षण हमी पत्रक आहे. दाखल्यास उशीर झाला या सबबीवर प्रवेश नाकारता येत नाही, असेही कायदा स्पष्टपणे सांगतो. तथापि टोळी निघण्यापूर्वी हे पत्रक पालकाच्या हाती पडले तरच त्याचा उपयोग.

बैठकीची वेळ

करवीर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तेव्हा मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दंड होता. आज मुख्य जबाबदारी शासनाची आहे, आणि पालकास देखरेखीचा अधिकार मिळालेला आहे. अनुदानित व शासकीय शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात आणि दुर्बल व वंचित घटकांतील पालकांस प्रमाणात स्थान द्यावे लागते. कागदावर ही संख्या बहुधा पूर्ण असते. पण बैठक दुपारी दोन वाजता ठेवली, तर रोजंदारीवरची बाई अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून येणार नाही. तिची सही मागाहून घेतली जाईल. मग इतिवृत्तात उमटतो तो ज्यांना दुपारी सवड असते त्यांचाच अनुभव.

यासाठी नव्या आदेशाची गरज नाही. बैठक दिवेलागणीनंतर घ्यावी. 'शाळा कशी आहे?' असे न विचारता प्रत्येक मुलास त्याच्या इयत्तेचे पुस्तक द्यावे आणि आईबापांपुढे एक परिच्छेद वाचावयास सांगावा. मूल कोठे अडखळते, हे निरक्षर आईसही कळते. ऊसतोडीच्या गावांत अशी एक बैठक दसऱ्यापूर्वी व्हावी. कोणती मुले जाणार, कोणाची आजी मागे राहणार, वसतिगृहात किती जागा लागतील, कोणत्या कारखान्याच्या परिसरात कोणते कुटुंब असेल, याची यादी त्याच रात्री सरपंच व मुख्याध्यापकांनी मिळून करावी आणि हमी पत्रके तेथेच भरून द्यावीत.