अनोळखी माणसाशी जालावरील संभाषण

एस. टी. स्थानकावर शेजारी येऊन बसलेला अनोळखी गृहस्थ आधी स्वतःचे गाव सांगतो, मग आपले विचारतो. उत्तर त्रोटक मिळाले, तर तो समजून घेतो आणि वर्तमानपत्र उघडतो. हा शिरस्ता कोणी लिहून ठेवलेला नाही, परंतु बहुतेक सर्वजण तो पाळतात. मोबाईलच्या पडद्यावर मात्र हा क्रम पार उलटलेला दिसतो.

जालावरील गप्पांची प्रथा तशी जुनी आहे. फिनलंडमधील औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी १९८८ साली 'इंटरनेट रिले चॅट' ही व्यवस्था तयार केली. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली आणि पुढे सायबर कॅफेंतून ही गप्पांची दालने आपल्या तरुणांनाही खुली झाली. तेथील पहिला प्रश्न 'ए-एस-एल', म्हणजे वय, लिंग आणि ठिकाण, असा असे. विचारणारा स्वतःविषयी अवाक्षरही सांगत नसे. आज ही अक्षरे मागे पडली असली, तरी ती वृत्ती गेलेली नाही.

नुसते 'हाय' लिहून थांबणारे लोक अनेकांना खटकतात. काम कोणते, नंबर कोठून मिळाला, याचा उल्लेख नसतो. संभाषण पुढे नेण्याचा सारा भार समोरच्यावर टाकलेला असतो. काहीजण दोन वाक्यांनंतर छायाचित्र मागतात. काहीजण निरोप न घेताच नाहीसे होतात. प्रस्तुत लेखकाला हा शेवटचा प्रकार फारसा खुपत नाही. अनोळखी माणसाने निघून जावे, यात त्याचा काय अपराध?

परंतु महाराष्ट्रात थट्टेचा विषय झालेला 'जेवलीस का?' हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे. वास्तविक जेवणाची चौकशी हा आपल्याकडील आपुलकीचा उद्गार होय. शेजारीण उंबऱ्यातून तो विचारते, तेव्हा त्यात माया असते. हाच प्रश्न अनोळखी पुरुष रात्री अकरा वाजता एखाद्या मुलीला एकेरीत पाठवतो, तेव्हा न मिळालेली जवळीक तो परस्पर घेऊन टाकतो. पुढे निळ्या खुणा दिसल्या की 'वाचून उत्तर का देत नाहीस?' असा जाब सुरू होतो. उत्तर न देणे हेही उत्तरच आहे, हे अशा व्यक्तीस मान्य नसते.

येथे चीड येण्याची बाब संपते आणि कायद्याची सुरू होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार, स्त्रीने स्पष्ट अनिच्छा दर्शविल्यानंतरही जवळीक साधण्यासाठी तिच्याशी वारंवार संपर्क करणे, तसेच तिच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणे हा गुन्हा आहे. पहिल्या अपराधास तीन वर्षांपर्यंत कारावास व दंडाची तरतूद आहे. अनोळखी व्यक्तीने गोड बोलून पैसे उकळले असल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे. संदेश चिडून पुसून टाकू नयेत. तोच पुरावा असतो.

दोन अनोळखी माणसांची नाव-गाव न सांगता गाठ घालून देणारे 'ओमेगल' हे संकेतस्थळ २००९ साली अमेरिकेत लीफ के-ब्रुक्स या १८ वर्षांच्या तरुणाने सुरू केले. नोव्हेंबर २०२३ मध्ये ते बंद झाले. गैरवापराशी झुंजणे आर्थिक आणि मानसिक दोन्ही दृष्टींनी झेपेनासे झाल्याचे त्यानेच सांगितले. म्हणून अनोळखी माणसाशी बोलूच नये, असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे ठरेल. डाळिंबावरील डागाचे छायाचित्र एखाद्या गटात टाकावे आणि कधीही न भेटलेल्या शेतकऱ्याने तासाभरात आपला अनुभव कळवावा, हेही याच माध्यमातून घडते. असा मनुष्य बहुधा आधी आपले नाव व तालुका लिहितो, असे दिसून येते.

आपल्या शाळांतून याविषयी जे सांगितले जाते, ते बहुतांशी मुलींना : नंबर देऊ नका, फोटो ठेवू नका. समोर बसलेल्या मुलांना काय सांगावयाचे, याचा विचार क्वचितच होतो. आठवी-नववीच्या वर्गात शिक्षकांनी एक तास यासाठी द्यावा. अनोळखी व्यक्तीस पाठवावयाचा पहिला संदेश प्रत्येकाने वहीत लिहावा : मी कोण, आपला क्रमांक कोठून मिळाला, काम काय. उत्तर न आल्यास दुसरा संदेश काय असेल, हेही मुलांना विचारावे. तेथे पान कोरे सोडणाऱ्या विद्यार्थ्यास पूर्ण गुण द्यावेत.