अदुल्लामाची गुहा आणि आजची टोळी

शास्त्रपाठ : १ शमुवेल २२:१-२, २४:१-७

बंगळूरच्या उड्डाणपुलांवर मोटारसायकल एका चाकावर पळवणाऱ्या तरुणांना काय हवे असते? बहुधा, आपल्याला आपले म्हणणारे सोबती. ‘सन्स ऑफ अनार्की’ (२००८-२०१४) या अमेरिकन मालिकेतील जॅक्स टेलरला मोटारसायकलस्वारांच्या गुन्हेगार टोळीत असे सोबती लाभतात. मृत पित्याचे हस्तलिखित त्याला सावध करते; तरी तो सूडाच्याच वाटेने जातो.

दाविदाभोवतीही पीडित, कर्जबाजारी आणि मूळ इब्री शब्दांप्रमाणे ‘जिवाने कडू’ झालेले सुमारे चारशे पुरुष जमले. परंतु एन-गेदीच्या गुहेत शौल हाती सापडला असता दाविदाने त्यांना आवरले. बंधुत्वाची कसोटी हीच : नायक आपल्या माणसांचे हात रक्तापासून राखतो काय?

दाविदाच्या पुत्राच्या मंडळीत आज अशा कडू जिवांना जागा आहे काय?