पाच क्विंटल आणि एक 'एस'

नंदुरबार

चि. रेवा हिस,

शेतीच्या इंग्रजी अहवालात तू 'फाइव्ह क्विंटल चिली' लिहितेस, त्याचं मूळ आपल्या मराठीत आहे. नंदुरबारच्या बाजारात पाच क्विंटल ओली मिरची येते आणि पथारीवर वाळत पडते; क्विंटलचं अनेकवचन होत नाही, माप आणि मिरची यांच्यामध्ये प्रत्ययही लागत नाही. पोत्याचं मात्र होतं: एक पोतं, दोन पोती. इंग्रजी हा भेद मानत नाही. पोतं असो की क्विंटल, एकाहून जास्त झालं की 'एस' लागतो आणि पुढे 'ऑफ' येतो: 'फाइव्ह क्विंटल्स ऑफ चिलीज'. तेच माप विशेषण होऊन नामाआधी बसलं की 'एस' गळतो. पन्नास किलोचं पोतं म्हणजे 'अ फिफ्टी-किलो बॅग'. 'पर'नंतरही एकवचनच, 'पर हेक्टर'. आणि 'केजी' हा शब्दच नव्हे, ते साऱ्या जगाने ठरवलेलं चिन्ह आहे. कुठल्याच भाषेचं व्याकरण त्याला लागू नाही. त्याला 'एस' जोडू नकोस, त्या चिन्हांच्या पद्धतीत एकटा छोटा 'एस' म्हणजे सेकंद.

तू म्हणशील, वाचणाऱ्याला समजतं ना, मग झालं. 'केजी'ला 'एस' लागल्याने कुणाचं नुकसान होत नाही, हे मला मान्य आहे. पण शब्दांची जागा बदलली की आकडाच बदलतो. 'थर्टी स्क्वेअर मीटर्स' म्हणजे ३० चौरस मीटर, एखाद-दुसऱ्या खोलीएवढी जागा. 'थर्टी मीटर्स स्क्वेअर' म्हणजे ३० मीटर बाजूचा चौरस, ९०० चौरस मीटर, चांगलं मोठं शेततळं. प्रस्तावात ही उलटापालट झाली तर तळं कागदावर तीसपट लहान होतं. मिलिग्रॅमच्या चिन्हातला 'एम' मोठ्या अक्षरात लिहिला तर ते मेगाग्रॅम होतं, म्हणजे अब्जपट. इंग्रज माणूस स्वतः उंची सांगताना 'सिक्स फूट' म्हणतो, हाही आक्षेप खरा आहे. पण ती बोलण्यातली सवय आहे, मीटर-किलोमीटरला ती लावू नये.

एका ठिकाणी मात्र मराठी कानावर बिनधास्त विसंब. पाच क्विंटल पुरेसं आहे, असं आपण सगळं मिळून एकच धरून म्हणतो. इंग्रजीतही मापाला 'एस' लागला तरी क्रियापद एकवचनीच राहतं: 'फाइव्ह क्विंटल्स इज इनफ'. तिथे 'आर' लिहू नकोस.

तुझा मामा